धमनी, रोहिणी, नीला, शीर, नस : कुठे कोणता शब्द?

विचारणा अशी : रक्तवाहिन्यांना जुन्या पुस्तकांत रोहिणी आणि नीला, हल्ली धमनी आणि शीर, बोलताना सरसकट नस. यांतला बरोबर कोणता? शिवाय रोहिणीत 'शुद्ध' रक्त असतं, तर फुप्फुसाकडे जाणाऱ्या रोहिणीत 'अशुद्ध' कसं?

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करू. रोहिणी म्हणजे तांबडी, नीला म्हणजे निळी. रंगावरून पडलेली ही नावं बाकी शरीरात खपून जातात, फुप्फुसापाशी अडतात. हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीतलं रक्त काळपट आणि परतीचं लालभडक, म्हणजे सगळं उलटं. मुळात निळं रक्त कुठेच नसतं. तपासणीसाठी कोपराच्या खोबणीतून काढतात ते शिरेतलं रक्त नळीत पाहा, गडद लालच दिसेल. निळेपणा त्वचेतून दिसताना येतो.

धमनी आणि शीर ही नावं कामावरून आहेत, म्हणून मला ती सरस वाटतात. चरकसंहितेत 'ध्मानाद् धमन्यः' आणि 'सरणात् सिराः' अशी व्युत्पत्ती दिली आहे. ध्मा म्हणजे फुंकणे. गीतेतल्या 'शङ्खं दध्मौ'मधला धातू तोच. सरण म्हणजे सरकत जाणं. (प्राचीन ग्रंथांतल्या धमन्या म्हणजे आजच्याच, असं मात्र समजू नये. सुश्रुताच्या 24 धमन्या नाभीतून निघतात.)

अंगठ्याच्या खाली मनगटावर बोटं टेकवा. ठोका लागतो तो धमनीचा. हृदय आकुंचन पावलं की रक्ताच्या लोटाने तिची भिंत ताणली जाते आणि लगेच पूर्ववत होते. भिंतीचे थर तीन. मधला, स्नायूंचा आणि लवचीक तंतूंचा, धमनीत चांगलाच जाड. शिरेतही थर तीनच, पण मधला पातळ, कारण तिथे दाब कमी. मग पायातलं रक्त वर चढतं कसं? पोटरीचे स्नायू शिरा दाबतात आणि आतल्या झडपा रक्ताला मागे येऊ देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की पायावर शिरांच्या गाठी फुगून दिसतात.

दोहोंना जोडणाऱ्या केशवाहिनीचं नाव तर ढोबळच. केस 50 ते 100 मायक्रोमीटर जाड, ही जेमतेम 5 ते 10. तांबड्या पेशी एकेरी रांगेतच जातात. भिंत पेशींच्या एकाच थराची, म्हणून ऑक्सिजनची देवघेव इथेच होते. इंग्लिश वैद्य विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडलं तेव्हा हा दुवा त्याला दिसलेला नव्हता. इटालियन वैद्य माल्पिगीला तो 1661 मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सापडला.

नस हा घरगुती शब्द. 'सलाईनला नस सापडेना' यात ती शीर, 'कमरेत नस दबली' यात मज्जातंतू, 'मानेची नस आखडली' यात बहुधा स्नायू. बोलायला झकास, लिहायला घातक. नाडी म्हणजे आज ठोकेच, नाहीतर पायजम्याची.

तेव्हा लिहिताना हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. आतड्याकडून यकृताकडे जाणारी प्रतिहारी शीर थेट हृदयाशी जात नाही, तेवढा अपवाद. 'शुद्ध-अशुद्ध'ऐवजी ऑक्सिजनयुक्त आणि ऑक्सिजन कमी असलेलं म्हणा. अनेकवचनं धमन्या, शिरा. रूपं धमनीत, शिरेत. आणि रक्तवाहिनीतला 'वा'चा काना सांभाळा, रक्तवहिनी छापलेली मी पाहिली आहे.