रंग लागतो, पण भलत्याच ओळीला
वाचकांचे प्रश्न : स्प्रेडशीटमधले कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की सेलला आपोआप रंग देण्याची सोय)

(फॉर्म्युले इथे देवनागरीत छापले आहेत. शीटमध्ये टाइप करताना कॉलमची अक्षरे, फंक्शनची नावे आणि अंक रोमन लिपीतच हवेत. अवतरणचिन्हांत 'पूर्ण'सारखा शब्द असेल तर तो तुमच्या शीटमध्ये जसा आहे तसाच लिहावा.)

प्रश्न : माझ्या कामांच्या यादीत ए कॉलममध्ये काम, बीमध्ये जबाबदार व्यक्ती, सीमध्ये स्थिती आणि डीमध्ये मुदतीची तारीख आहे. मुदत उलटली की ती अख्खी ओळ लाल व्हावी, एवढेच हवे आहे. पण एकदा जवळजवळ सगळी यादीच लाल झाली, आणि दुसऱ्यांदा केले तर रंग एक ओळ वर सरकला. नेमके कुठे चुकते?

उत्तर : दोन्ही वेळा गडबड फॉर्म्युल्यातल्या पत्त्याची, म्हणजे डी२ सारख्या सेलच्या नावाची आहे. आधी एक्सेलमधली योग्य कृती पाहू. ए२ वर क्लिक करून तिथून डी२०० पर्यंत ओढत निवड करा. शीर्षकाची ओळ निवडू नका. होम टॅबवर कंडिशनल फॉरमॅटिंग, मग न्यू रूल, आणि यादीतला शेवटचा पर्याय 'यूज अ फॉर्म्युला' घ्या. चौकटीत लिहा :

=$डी२<टुडे()

मग फॉरमॅट बटणातून फिल रंग निवडा आणि ओके करा. गूगल शीट्समध्ये हेच फॉरमॅट मेनूतल्या कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये 'कस्टम फॉर्म्युला इज' या नावाने सापडेल.

हा फॉर्म्युला तुम्ही एकदाच लिहिता, पण तो निवडलेल्या प्रत्येक सेलसाठी स्वतंत्रपणे तपासला जातो आणि तपासताना त्यातले पत्ते सरकतात. एका सेलमधला फॉर्म्युला खाली-उजवीकडे ओढल्यावर जे होते तेच इथे होते, फक्त डोळ्यांना दिसत नाही. डीच्या आधीचे डॉलर चिन्ह कॉलम धरून ठेवते. ते विसरलात तर ए२ हा सेल डी२ कडे पाहतो, बी२ मात्र ई२ कडे, सी२ एफ२ कडे. ते कॉलम रिकामे असतील तर त्यांची किंमत शून्य धरली जाते, शून्य ही आजच्या तारखेपेक्षा लहानच, म्हणून बी, सी आणि डी हे तिन्ही कॉलम वरपासून खालपर्यंत लाल. हीच तुमची 'सगळी यादी'. उलट $डी$२ असे दोन्हीकडे डॉलर लावलेत तर प्रत्येक ओळ फक्त डी२ वरून ठरेल : सगळे लाल नाही तर काहीच नाही. एक्सेलमध्ये नियम लिहिताना माऊसने सेलवर क्लिक केले की नेमके हेच दोन डॉलर आपोआप बसतात. एफ४ दाबत राहिले की ते बदलतात. फक्त कॉलमपुढे डॉलर उरेपर्यंत दाबा.

रंग एक ओळ वर सरकतो तो निवड ए१ पासून केल्यामुळे. फॉर्म्युल्यात ओळ २ आहे आणि निवडीची पहिली ओळ १, म्हणून प्रत्येक ओळ आपल्या खालच्या ओळीची तारीख वाचते. एक्सेलमध्ये आणखी एक पेच आहे. फॉर्म्युला निवडीतल्या सक्रिय सेलच्या (जिथून निवड सुरू केली त्या) संदर्भाने वाचला जातो. तुम्ही खालून वर ओढत निवड केली असेल तर सक्रिय सेल सगळ्यात खालचा असतो आणि सारा हिशेब कोलमडतो. निवड नेहमी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून करावी.

आता उरल्या यादीखालच्या रिकाम्या ओळी. त्याही वरच्याच कारणाने लाल होतील. शिवाय पूर्ण झालेले काम मुदत उलटली म्हणून लाल दिसण्यात अर्थ नाही. म्हणून पक्का फॉर्म्युला असा :

=अँड($डी२<>"",$डी२<टुडे(),$सी२<>"पूर्ण")

नियमाच्या चौकटीत जाण्याआधी हा फॉर्म्युला एफ२ सारख्या मोकळ्या सेलमध्ये लिहून खाली ओढून पाहा. जिथे ट्रू येईल तिथेच रंग लागणार, फॉल्स येईल तिथे नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक शंका या एका तपासणीत मिटतील. कारण नियमाच्या चौकटीत चूक कळत नाही. फॉर्म्युल्याने एरर दिली तरी एक्सेल गुपचूप फॉल्स धरून पुढे जाते. फॉर्म्युला दुरुस्त करताना बाणाची कळ दाबली आणि मध्येच नको तो पत्ता घुसला, तर आधी एफ२ ही कळ दाबा (कीबोर्डवरची, सेल नव्हे), मग बाण नेहमीसारखे चालतात.

प्रश्न : मुदत उलटलेली कामे लाल आणि येत्या सात दिवसांत मुदत संपणारी पिवळी असे दोन नियम केले. आता लाल काही उरलेच नाही, सगळे पिवळे!

उत्तर : पिवळ्या नियमात $डी२<=टुडे()+७ लिहिले असणार. मागच्या महिन्यातली तारीखही 'आज अधिक सात'पेक्षा लहानच असते, म्हणून उलटलेली कामेही या नियमात बसतात. एक्सेलमध्ये नवा नियम यादीत सर्वांत वर जातो, आणि दोन नियम एकाच गोष्टीवर भांडले तर वरचा जिंकतो. कंडिशनल फॉरमॅटिंगखालच्या मॅनेज रूल्समध्ये जाऊन बाणाने लाल नियम वर नेला तर काम भागेल. पण आम्ही क्रमावर विसंबणार नाही. पिवळ्याला खालची मर्यादाही घालू :

=अँड($डी२>=टुडे(),$डी२<=टुडे()+७)

असे नियम एकमेकांवर चढतच नाहीत, मग क्रम कसाही असो. एका नियमाने फिल आणि दुसऱ्याने ठळक अक्षर दिले असेल तर भांडणच नसते आणि एक्सेल दोन्ही लागू करते. ते नको असेल तर वरच्या नियमापुढे 'स्टॉप इफ ट्रू'ची खूण करा.

प्रश्न : नियम बरोबर आहे, मोकळ्या सेलमध्ये तपासलाही. तरी काही ओळी रंगत नाहीत आणि काही उगाच रंगतात. डेटा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणला आहे.

उत्तर : शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. बाहेरून आणलेल्या डेटात आकडे आणि तारखा पुष्कळदा मजकूर म्हणून येतात. दिसायला ४५, पण आतून अक्षरे. एक्सेल तुलना करताना कोणताही मजकूर कोणत्याही संख्येपेक्षा मोठा मानते. त्यामुळे 'शंभरपेक्षा मोठे' या नियमात मजकुरी ४५ हमखास रंगतो आणि 'शंभरपेक्षा लहान'मध्ये कधीच नाही. ओळखायचे असे : संख्या आपोआप उजवीकडे बसतात, मजकूर डावीकडे. खात्री हवी तर इजनंबर() लावून पाहा, संख्या असेल तर ट्रू येते. दुरुस्तीसाठी तो कॉलम निवडून डेटा टॅबवरच्या 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये काहीही न बदलता फिनिश दाबले तरी बहुतेक आकडे संख्या होतात.

तारखांचे दुखणे जास्त खोल आहे. स्प्रेडशीटमध्ये तारीख म्हणजे एक क्रमांक असतो. १ जानेवारी २०२५ म्हणजे ४५६५८. सेलचा फॉरमॅट जनरल करा. असा पाच आकडी क्रमांक दिसला तर ती खरी तारीख, काहीच बदलले नाही तर मजकूर. संगणकाची सेटिंग 'महिना-दिवस-वर्ष' अशी असताना 'दिवस-महिना-वर्ष' पद्धतीची फाइल उघडली तर २५/०३/२०२५ मजकूरच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. आणि ०५/०३/२०२५ ही निमूटपणे ३ मे होते. मजकूर राहिलेली तारीख निदान सापडते. ही दुसरी सापडत नाही, चुकीच्या दिवशी रंग देत राहते. म्हणून अशा फाइलमध्ये दिसणाऱ्या तारखा जागेवर दुरुस्त करू नका. मूळ फाइल पुन्हा आणा आणि आणतानाच त्या कॉलमचा प्रकार 'तारीख, दिवस-महिना-वर्ष' असा सांगा.

आणखी तीन ठिकाणी पाय घसरतो. ८० टक्के दिसणाऱ्या सेलमध्ये किंमत ०.८ असते, म्हणून 'ऐंशीपेक्षा मोठे' कधीच लागू होत नाही. पडद्यावर १० दिसते पण आत ९.९६ असते, दहाशी तुलना करायची तर राउंड() लावा. आणि टुडे()च्या जागी नाऊ() वापरले की त्यात वेळही येते, मग 'आजची तारीख' कशाशीच जुळत नाही.

मराठी मजकुराबाबत वेगळे सांगायला हवे. 'पूर्ण', 'पुर्ण' आणि शेवटी स्पेस पडलेले 'पूर्ण ' हे शीटच्या लेखी तीन वेगळे शब्द आहेत. स्पेस ट्रिम()ने जाते, ऱ्हस्व-दीर्घ मात्र आपोआप सुधारत नाही. स्थितीच्या कॉलमला डेटा व्हॅलिडेशनची (ठरलेल्या पर्यायांतूनच निवड करू देणारी) यादी लावा, म्हणजे टाइप करण्याची वेळच येणार नाही.

प्रश्न : दुहेरी नोंदी शोधायला काउंटइफ (अटीत बसणारे सेल मोजणारे फंक्शन) वापरले. सोळा अंकी क्रमांकांच्या कॉलममध्ये ते वेगळे क्रमांकही दुहेरी दाखवते.

उत्तर : काउंटइफ संख्येसारखा दिसणारा मजकूरही संख्या म्हणून जुळवते, आणि एक्सेलची अचूकता १५ अंकांपर्यंतच असते. सोळावा अंक वेगळा असला तरी दोन्ही क्रमांक सारखे ठरतात. असे क्रमांक भरण्याआधी कॉलमचा फॉरमॅट टेक्स्ट केलेला असावा, नाहीतर सोळावा अंक शून्य होऊन कायमचा गेला. मग हा नियम द्या :

=अँड($ए२<>"",समप्रॉडक्ट(--($ए$२:$ए$५००=$ए२))>१)

प्रश्न : रंगलेले सेल मोजायचा फॉर्म्युला कोणता?

उत्तर : तसा फॉर्म्युला नाही आणि त्याची गरजही नाही. ज्या अटीने रंग दिला ती अटच मोजा : =काउंटइफ्स(डी२:डी२००,"<"&टुडे(),सी२:सी२००,"<>पूर्ण"). मॅक्रो लिहिणाऱ्यांसाठी एवढेच : इंटीरियर डॉट कलर हा नियमाने आलेला रंग सांगत नाही, डिस्प्लेफॉरमॅट सांगतो, पण सेलमध्ये लिहायच्या स्वतःच्या फंक्शनमध्ये तोही चालत नाही. नुसते वेगळे काढून पाहायचे असेल तर फिल्टरमधला 'फिल्टर बाय कलर' नियमाचा रंग ओळखतो.

प्रश्न : तीन नियम केले होते. काही महिन्यांनी मॅनेज रूल्स उघडले तर चाळीसेक नियम दिसले, आणि फाइलही संथ झाली आहे.

उत्तर : हे कॉपी-पेस्टचे काम. साध्या पेस्टने सेलसोबत त्याचा नियमही येतो. मग 'अप्लाइज टू'मध्ये $ए$२:$डी$१७, $ए$१९:$डी$६० असे तुकडे पडत जातात आणि तोच नियम पुन्हा पुन्हा दिसू लागतो. मॅनेज रूल्समध्ये वरच्या यादीतून 'धिस वर्कशीट' निवडा, प्रत्येक नियमाची एकच प्रत ठेवा, तिचा पल्ला पूर्ण करा, बाकीचे काढून टाका. पुढे पेस्ट स्पेशलमधले व्हॅल्यूज वापरा. ओळी खाली वाढत जाणार असतील तर यादीचे टेबल करून घ्या. पूर्ण कॉलमला दिलेला नियम नव्या ओळींपर्यंत आपोआप पोचतो.

संथपणा बहुधा नियमातल्या काउंटइफमुळे. १०,००० ओळींत प्रत्येकीने १०,००० ओळी तपासायच्या म्हणजे १० कोटी तुलना. शिवाय नियमातले फॉर्म्युले पडदा पुन्हा रंगवताना, म्हणजे नुसते स्क्रोल केले तरी, पुन्हा तपासले जातात. काउंटइफ एका जादा कॉलममध्ये लिहा, समजा एचमध्ये, आणि नियमात फक्त =$एच२>१ ठेवा. सेलमधला फॉर्म्युला डेटा बदलेल तेव्हाच पुन्हा मोजला जातो. एच कॉलम लपवला तरी चालतो.

प्रश्न : कलर स्केल (किमतीनुसार रंगाची छटा) लावले तर एक सेल गडद आणि बाकी सगळे एकाच फिकट छटेत. आयकॉन सेटचेही (किमतीनुसार चिन्हे) तसेच.

उत्तर : एखादी अवाढव्य किंमत सगळी पट्टी खाऊन टाकते आहे. आयकॉन सेटमध्ये तीन चिन्हांच्या सीमा मुळात ६७ आणि ३३ टक्क्यांवर असतात. हे टक्के किमान आणि कमाल यांमधल्या अंतराचे असतात, नोंदींच्या संख्येचे नव्हेत. किंमती २० ते ६० आणि एकच १,००० असेल तर ३३ टक्क्यांची सीमा ३४३ च्या पुढे जाते. बाकी सगळे तळाच्या चिन्हात. नियम एडिट करून प्रकार 'पर्सेंट'ऐवजी 'पर्सेंटाइल' करा, म्हणजे सीमा नोंदींच्या संख्येवरून ठरतील. कलर स्केलमध्ये किमान-कमालच्या जागी १० वा आणि ९० वा पर्सेंटाइल द्या. मात्र दर महिन्याच्या शीट्स शेजारी ठेवून पाहायच्या असतील तर पर्सेंटाइलही नको, ठरावीक संख्याच द्या. नाहीतर या महिन्याचा लाल आणि मागच्या महिन्याचा लाल यांचा अर्थ वेगळा होतो. या दोन्ही प्रकारांत सरकते पत्ते चालत नाहीत. शेजारच्या सेलवरून रंग ठरवायचा असेल तर साधा फॉर्म्युलाच हवा.

प्रश्न : अट दुसऱ्या शीटवरच्या यादीवरून ठरवता येते का?

उत्तर : एक्सेल २०१० पासून थेट येते. गूगल शीट्समध्ये इनडायरेक्टमधून (मजकुरातला पत्ता वाचणाऱ्या फंक्शनमधून) जावे लागते : =काउंटइफ(इनडायरेक्ट("मास्टर!ए२:ए५०"),$ए२)>०. अवतरणातला पत्ता हा मजकूर असल्याने तो सरकत नाही, इथे तेच हवे आहे. पण 'मास्टर' शीटचे नाव बदलले तर तोही आपणहून बदलणार नाही आणि रंग काही न सांगता गायब होतील.

प्रश्न : अट जुळली की अक्षर मोठे व्हावे, असे होईल का?

उत्तर : एक्सेल आणि गूगल शीट्समध्ये नाही, नियमातून फॉन्टचा आकार बदलत नाही. लिब्रे ऑफिस कॅल्कमध्ये होते, कारण तिथे नियम एक सेल स्टाइल लावतो आणि स्टाइलमध्ये आकारही येतो. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी, किंवा कृष्णधवल छपाईसाठी हे विचारले असेल, तर एक्सेलमध्ये नियमाच्या फॉरमॅटमध्ये ठळक अक्षर, बॉर्डर किंवा फिलचा पॅटर्न घ्या, आणि रंगांसाठी निळा-नारिंगी जोडी वापरा.