आधी जांघेची घडी उघडून बघ

अगं, बाळाला डायपरच्या जागी लाल चट्टे आलेत म्हणून घाबरू नकोस, पण मेडिकलवाल्याला विचारून मलमाची ट्यूबही आणू नकोस. थोरल्याच्या वेळी मी तेच केलं. घोडबंदरचा जुलैतला पाऊस, लंगोट काही वाळेनात, म्हणून दिवसभर डायपर. आणलेल्या मलमानं दोन दिवस बरं वाटलं, मग चट्टे दुप्पट. त्यात लाली तेवढ्यापुरती दाबणारं स्टिरॉइड होतं!

नुसत्या ओलीनं आलेली लाली डायपर घासतो त्या फुगीर भागावर असते, घडी बहुतेक कोरी राहते. कॅन्डिडा ही बुरशी मात्र घडीतच बसते: लालभडक चट्टा आणि त्याच्या कडेला सुटं सुटं बारीक पुरळ. तोंडातही बघ. जिभेवरचं दूध पुसलं की जातं, बुरशीचा पांढरा थर सहज निघत नाही. तो असला तर तुझ्या स्तनाग्रांनाही औषध लागेल का, हे डॉक्टरांना आठवणीनं विचार.

डॉक्टर बहुधा बघूनच ओळखतात. शंका आली तर त्वचा हलकी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. क्लोट्रिमॅझोल किंवा निस्टॅटिनचं मलम दिलं तर सांगतील तितके दिवस लाव. लाली गेली म्हणून मध्येच थांबवलंस तर परत येतं. कोमट पाण्यानं धू, घासू नकोस, टिपून घे, थोडा वेळ उघडं ठेव. पावडर नको, सासूबाई कितीही म्हणोत. ती बाळाच्या श्वासात जाते.

बाळ अजून महिन्याचंही नाही. पुवाचे फोड, दूध न ओढणं किंवा १००.४ अंश फॅरनहाइट ताप दिसला तर सकाळची वाट बघू नकोस, रात्रीच दवाखाना गाठ.