जेटीवरच्या वादाआधी थोडं ऐक

बाबू, काल मिरकरवाड्याच्या जेटीवर तू काकांना फाडकन बोललास, ते मला पटलं नाही. "बँका हवेतून पैसा तयार करतात" असं सांगणारे जे माहितीपट काका बघतात, त्यांतलं सगळंच खोटं नसतं, म्हणून तर माणूस अडकतो. बँक कर्ज देताना कुणा ठेवीदाराचे पैसे उचलून देत नाही, नवी ठेव उभी करते. बँक ऑफ इंग्लंडनेच २०१४ मध्ये हे छापलंय. काकांच्या होडीच्या कर्जाचा उतारा घे. एकाच तारखेला काकांच्या नावे कर्ज आणि होडी बांधणाऱ्याच्या खात्यात जमा. एवढं आधी मोकळ्या मनाने मान्य कर. मग सांग, की याला भांडवलाच्या अटींचा, म्हणजे कर्जाच्या प्रमाणात बँकेने स्वतःचं भांडवल राखण्याच्या अटींचा, लगाम असतो.

मग काका "फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, खासगी आहे" असं म्हणतील. तिच्या १२ प्रादेशिक बँकांचे शेअर सदस्य बँकांकडे असतात हे खरं, पण ते विकता येत नाहीत. तिचा कारभार बघणारं वॉशिंग्टनचं मंडळ राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते. आपली रिझर्व्ह बँक तर १९४९ पासून सरकारचीच.

आणि चारचौघांत नको रे. मी माझ्या मामांना गणपतीत, आरतीनंतर सगळ्यांदेखत खोडून काढलं होतं. मुद्दा माझाच बरोबर होता. मामा दोन वर्षं बोलले नाहीत.