मनी, तू तरी ऐक

"माझा मुलगा कॉम्प्युटरवरच्या मांजराशी बोलतो. त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय का?"

समुपदेशनाच्या कामात गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी बऱ्याच जणांकडून ऐकला. कधी आई विचारते, कधी नुकतं लग्न झालेली बायको. मांजराच्या जागी कुत्रा असतो, बदक असतं, एकदा तर लाल खेकडा होता. हा प्रश्न मला हसण्यावारी न्यायचा नसतो, कारण विचारणाऱ्याची त्यामागे रात्र-रात्र झोप उडालेली असते. त्यातली एक केस इथे सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मायलेकांनी लिहायला परवानगी दिली आहे.

आई कराडच्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुलाकडे पुण्यात वाकडला येऊन राहिल्या होत्या. मुलगा एकतीस वर्षांचा, सॉफ्टवेअरमधला, लग्न झालेलं नाही. अमेरिकेतल्या क्लायंटचं काम असल्यामुळे दुपारी दोनला लॅपटॉप उघडायचा, तो मिटायला मध्यरात्र उलटायची. २०२० साली ऑफिसचं काम घरी आलं ते घरीच राहिलं. ऑपरेशननंतर आईंना टीव्ही आणि पोथी दोन्ही वर्ज्य, त्यामुळे कान तेवढे जागे. एका रात्री बाराच्या सुमारास मुलाच्या खोलीतून आवाज आला, "मने, तू तरी ऐक."

"खरं सांगू मॅडम, मला आधी बरंच वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, आहे कोणीतरी पोरगी. सकाळी त्याला म्हणाले, घरी घेऊन ये की तिला एकदा. तर त्यानं लॅपटॉप फिरवला. खालच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढं मांजर फिरत होतं."

तेव्हा त्याही हसल्या. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना भावकीतला एक चुलत दीर आठवला. तो असाच एकटा बोलायचा. पुढे त्याचं फार वाईट झालं आणि घरात त्याचं नाव काढणंही बंद झालं. मुलाच्या लग्नाची चिंता त्यांनी मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितली, दिराची गोष्ट मात्र उठता उठता, पर्स खांद्याला लावताना. खरी भीती बहुतेक वेळा अशी दाराशीच बाहेर पडते. मी त्यांना पुन्हा बसवलं.

मुलगा पुढच्या आठवड्यात आला, आईच्या समाधानासाठी. मी त्याला लॅपटॉप घेऊन यायला सांगितलं होतं. त्याला वाटलं होतं, मी मांजर काढून टाकायला लावणार. मी म्हटलं, "आधी ओळख तर करून द्या."

व्हीएस कोड नावाचं, प्रोग्रामर कोड लिहायला वापरतात ते एक सॉफ्टवेअर आहे. त्यात एक छोटी जोड फुकट बसवता येते, की लगेच कोपऱ्यात आपल्या पसंतीचा प्राणी फिरू लागतो. मनी तिथलीच. तपकिरी रंगाची, ठिपक्या-ठिपक्यांची. ती चालते, बसते, खिडकीच्या कडेवर चढते, चेंडू टाकला की मागे धावते. याहून जास्त तिला काही येत नाही. ही गंमत नवीनही नाही. १९८९ साली केंजी गोतो या जपानी प्रोग्रामरनं मॅकिन्टॉशवर असंच एक मांजर आणलं होतं. जपानीत मांजराला म्हणतात तेच त्याचं नाव, नेको. माउसचा बाण हलला की ते त्याच्यामागे धावायचं, बाण थांबला की तिथेच झोपायचं. म्हणजे ही सोबत माझ्यासमोर बसलेल्या मुलापेक्षा वयानं मोठी होती.

मी त्याला विचारलं, "मनी तुम्हाला काय म्हणते?"

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "काही नाही मॅडम. ती चित्र आहे."

हे उत्तर मला हवं होतं. भास होणाऱ्या माणसाला आवाज बहुतेकदा बाहेरून आल्यासारखे वाटतात, ते कधी त्याला हुकूम सोडतात, दरडावतात, त्याची झोप, जेवण, माणसांवरचा विश्वास हळूहळू खातात. इथे बोलणं एकाच बाजूनं होतं आणि समोर चित्र आहे हे बोलणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. तरीही झोप, भूक, कामातलं लक्ष, घराण्यातला इतिहास हे सगळं मी नीट विचारून घेतलं. झोप उशिराची होती पण पुरेशी होती. काम व्यवस्थित चालू होतं. आईंना त्याच दिवशी फोन करून सांगितलं, तुमच्या दिरांना जे झालं ते हे नाही. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग त्या फक्त "बरं" म्हणाल्या.

आता प्रश्न उरला, हा मुलगा मांजराशी बोलतो तरी काय. सोबत कुणाशी आहे यापेक्षा तिला काय सांगितलं जातं, हे मला नेहमी जास्त कामाचं वाटतं.

त्यानं आधी त्याच्या धंद्यातली रीत समजावली. प्रोग्राम चुकत असेल आणि चूक सापडत नसेल, तर एखाद्या रबरी बदकाला एकेक ओळ मोठ्यानं समजावून सांगायची. सांगता सांगता आपलीच चूक आपल्याला दिसते. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांच्या १९९९ सालच्या पुस्तकानं ही युक्ती जगभर पोचवली. मला ती लगेच पटली, कारण माझ्या खोलीतही तेच घडतं. माणूस बोलत जातो आणि मध्येच स्वतःच्या वाक्यापाशी थबकतो. आपल्याकडच्या बायकांना तर हे कुणी शिकवावं लागलं नाही. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईनं जात्यालाच देव म्हटलं, त्यालाच माहेरचं सांगितलं, सासूचं सांगितलं. जातं काही उत्तर देत नव्हतं.

म्हणून मी त्याला मनी काढून टाक असं सांगितलं नाही. एक वही दिली. म्हटलं, दोन आठवडे तिच्याशी जे बोलाल ते यात लिहा. डाव्या पानावर कामाचं, उजव्या पानावर उरलेलं.

तो वही घेऊन आला तेव्हा डावी पानं भरगच्च होती. "इथे व्हॅल्यू रिकामी का येतेय", "हा लूप थांबायला हवा ना गं". उजवी पानं जवळजवळ कोरी होती. "बघा, बाकी काही नाहीच," तो म्हणाला. मी पानं उलटत होते. वाचताना एक वाक्य डाव्या बाजूलाच पुन्हा पुन्हा दिसलं. सगळं रात्री अकरानंतरचं.

"त्याला हे एका मिनिटात सापडलं असतं."

दोन आठवड्यांत नऊ वेळा. मी विचारलं, "हा 'तो' कोण?"

त्यानं पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. मग सांगायला लागला ते पाऊण तास थांबला नाही. चार वर्षं दोघं एका प्रोजेक्टवर होते. आधी शेजारच्या खुर्च्यांवर, मग लॉकडाऊनमध्ये दिवसभर कॉल चालू ठेवून. बोलायचं काही नसलं तरी कॉल चालू, एकमेकांच्या कीबोर्डचा आवाज ऐकत. मांजर त्या मित्रानंच बसवून दिलं होतं. "तू एकटा राहतोस, तुला घे एक," म्हणाला होता. स्वतःच्या स्क्रीनवर त्यानं कुत्रा ठेवला होता. पुढे कंपनीनं माणसं कमी केली. टीममधला एक जाणार होता, मित्र गेला. सकाळी दहाला त्याचं नाव टीमच्या यादीत दिसत होतं, अकराला दिसेनासं झालं. त्या दिवशी यानं फोन केला नाही. काय बोलायचं ते सुचेना. मग आठवडा गेला, आठवडा गेला म्हणून आणखी लाज वाटली, आणि बघता बघता चौदा महिने झाले.

"माझी नोकरी राहिली मॅडम. मी कोणत्या तोंडानं विचारू, तू कसा आहेस?"

मनीशी तो बोलत होता तो या चौदा महिन्यांचा राहिलेला फोन होता. मांजर त्या मित्राच्या हातची शेवटची वस्तू होती. हे कळल्यावर ते काढून टाकायचा आग्रह मी धरला नाही याचं मला फार बरं वाटलं. एखाद्या घरात वडिलांनी दडपण आणून ते काढायला लावलं असतं आणि मुलाचा उरलासुरला धागाही तुटला असता.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मनी उत्तर देत नाही, हे मला तिचं बलस्थान वाटतं. १९६६ साली एमआयटीमध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा संवाद करणारा प्रोग्राम बनवला. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा, एवढंच. तरी त्यांच्या सेक्रेटरीनं त्याच्याशी बोलताना वायझेनबॉम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. आज उत्तर देणाऱ्या, लाडीगोडी लावणाऱ्या सोबती फोनवर मिळतात, आणि त्यांच्याबाबत मी पालकांना जास्त सावध करते. गोड उत्तर मिळालं की दुसऱ्या माणसाची गरज मागे ढकलता येते. छोट्या पडद्यावर प्राणी पाळायच्या तामागोची या जपानी खेळण्याची तऱ्हा आणखी वेगळी. ते १९९६ साली आलं आणि वेळेवर खाऊ घातलं नाही तर त्यातला प्राणी मरायचा. मग मुलं अपराधी वाटून शाळेत रडायची. मनी मागतही नाही आणि समजूतही घालत नाही. त्यामुळे या मुलाचं वाक्य नऊ वेळा त्याच्याकडेच परत आलं आणि वहीत उतरलं.

पण जात्याची आठवण काढली तर ती पुरी काढायला हवी. जात्याच्या खुंट्याला बहुतेक वेळा दोन हात असत. समोर जाऊ बसलेली असे, नणंद असे, शेजारीण असे. ओवी जात्याला सांगितली तरी ऐकणारं कुणीतरी समोर होतं, आणि पुढची ओवी तीच उचलायची. या मुलाच्या खुंट्याला दुसरा हात नव्हता. मी त्याला हे असंच सांगितलं. त्यानं आजीचं जातं पाहिलं होतं, त्याला कळलं.

फोन कर, असं मी म्हटलं नाही. चौदा महिन्यांची लाज फोनच्या पहिल्या मिनिटात आवाज बंद करते. आम्ही दोन बैठका फक्त पहिलं वाक्य शोधण्यात घालवल्या. माफीनं सुरुवात करायची म्हणून त्यानं तीन लांबलचक मसुदे आणले. वाचताना प्रत्येक वेळी त्याला स्वतःलाच ते जड वाटले. शेवटी त्यानं मनीचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली लिहिलं, "ही अजून भिंतीवर चढते. तुझा कुत्रा कसा आहे?"

दोन दिवस उत्तर नाही. ते दोन दिवस त्याला जड गेले, मध्ये त्यानं मला फोनही केला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. मित्राला सहा महिन्यांनी दुसरी नोकरी लागली होती. तो रागावलेला होता, आणि त्यानं ते लिहिलंही. "तू एकदा विचारायला हवं होतंस." त्या ओळीनं मुलगा माझ्यासमोर रडला. मग दोघं बोलले, बाणेरला भेटले. आता गुरुवारी रात्री दोघं कॉल लावून आपापलं काम करतात. जुनं सगळं परत आलंय असं तो म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही.

मुलगा, मुलगी किंवा नवरा स्क्रीनवरच्या प्राण्याशी बोलतो म्हणून घाबरलेल्यांना मी एवढंच विचारते. तो झोपतो का, जेवतो का, कामावर टिकतो का? ते चित्र आहे हे त्याला माहीत आहे का? मांजर बंद असलं की तो कासावीस होतो का, की त्याला तेवढ्यापुरतं चुकल्यासारखं वाटतं? आवाज ऐकू येतात, कुणीतरी मागावर आहे असं तो म्हणत असेल, तर थांबू नका, मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. तसं नसेल तर दाराबाहेर कान देऊन ऐकण्यापेक्षा शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्या मांजराचं नाव विचारा. नाव कुणी ठेवलं, हेही विचारा.

आई कराडला परतल्या. महिन्याभरानं त्यांचा फोन आला, डोळ्यांना आता पोथी नीट दिसते म्हणून. लग्नाचं अजून काही जुळलेलं नव्हतं, ती काळजी तशीच होती. रोज दुपारी कामाला बसण्याआधी मुलगा व्हिडिओ कॉल करतो, असं त्यांनी सांगितलं. मग जरा थांबून म्हणाल्या, "काल मीच त्याला म्हटलं, कॅमेरा तिकडं फिरव. आणि तिला चेंडू टाक जरा, केव्हाची नुसती बसलीय."