श्वास रोखल्यावर जीव कासावीस का होतो?

प्रश्न : श्वास रोखून धरला की मिनिटभरातच जीव कासावीस होतो. एवढ्या वेळात शरीरातील ऑक्सिजन संपतो का? आणि उच्छ्वासात ऑक्सिजन उरतच नसेल, तर श्वास थांबलेल्या माणसाला तोंडाने श्वास देण्याचा उपयोग कसा होतो?

उत्तर : आत घेतलेला सगळा ऑक्सिजन शरीर वापरून टाकते, ही समजूत आपल्या दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी आहे. प्रत्यक्षात आत येणाऱ्या हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि बाहेर पडणाऱ्या हवेत सुमारे १६ टक्के शिल्लक असतो. तोंडाने दिलेला श्वास उपयोगी पडतो तो या शिलकीमुळेच.

वायुकोशांत, म्हणजे फुप्फुसांतील हवेच्या सूक्ष्म पिशव्यांत, वायूंची देवाणघेवाण घडवून आणणारा कोणताही पंप नसतो. तेथे केवळ दाबातील फरक काम करतो. वायुकोशातील ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १०० मिलिमीटर स्तंभाइतका असतो, तर फुप्फुसांत येणाऱ्या रक्तात तो ४० च्या आसपास असतो, म्हणून ऑक्सिजन अतिशय पातळ पडदा ओलांडून रक्तात शिरतो आणि हिमोग्लोबिनला, म्हणजे तांबड्या पेशींतील ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या प्रथिनाला, चिकटतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत हा फरक जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा असतो. तरीही तो सहज बाहेर पडतो, कारण ओलसर पडद्यातून तो ऑक्सिजनच्या जवळजवळ वीसपट सुलभतेने पार होतो. विश्रांतीच्या वेळी रक्त वायुकोशाभोवतीच्या केशवाहिन्यांत सुमारे पाऊण सेकंद असते आणि निरोगी फुप्फुसांत त्यातील एक-तृतीयांश वेळही या कामाला पुरतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण धावताना रक्ताचा वेग वाढला तरी ते ऑक्सिजन घेतल्यावाचून पुढे जात नाही.

आता कासाविशीकडे वळू. विश्रांतीच्या स्थितीत सर्व शरीराला ऑक्सिजन पुरवून परतलेल्या रक्तातही हिमोग्लोबिनची सुमारे ७५ टक्के क्षमता भरलेली असते, शिवाय फुप्फुसांत काही हवा कायम असते. त्यामुळे मिनिटभरात साठा संपत नाही. साचतो तो कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात मिसळून आम्ल तयार होते आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कपुच्छातील संवेदी पेशी ही आम्लता टिपून श्वसनाच्या स्नायूंना आज्ञा देतात. श्वसनाचे नियंत्रण मुख्यतः या वायूकडे असते, हे हाल्डेन आणि प्रीस्टली या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले. ऑक्सिजनवर लक्ष ठेवणाऱ्या पेशी मानेतील धमन्यांपाशी आहेत, परंतु रक्तातील ऑक्सिजनचा दाब ६० मिलिमीटरच्या खाली उतरू लागेपर्यंत त्यांचा प्रतिसाद सौम्यच राहतो.

म्हणूनच पोहणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पाण्याखाली अधिक वेळ राहता यावे म्हणून बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेणे अत्यंत धोक्याचे आहे. हिमोग्लोबिन आधीच जवळजवळ पूर्ण भरलेले असल्याने त्यातून जादा ऑक्सिजन फारसा मिळत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र बराच बाहेर जातो. मग श्वास घेण्याची निकड वेळेवर जाणवत नाही, ऑक्सिजन उतरत राहतो आणि माणूस पूर्वसूचनेशिवाय पाण्यातच बेशुद्ध होतो. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड पुरेसा वाढला की श्वास आपोआप घेतला जातो, परंतु तेव्हा नाकातोंडात पाणीच असते.