आयरॅफ बसवताना : वाचकांचे प्रश्न

एम.एस्सी.च्या प्रकल्पांचं सत्र सुरू झालं की पत्रांचा ढीग येतो आणि त्यातले निम्मे प्रश्न गेल्या वर्षीचेच असतात. म्हणून या वेळी सगळे एकत्र घेतले आहेत. आयरॅफ म्हणजे अमेरिकेत टक्सनच्या राष्ट्रीय वेधशाळेत १९८० च्या दशकात घडलेली, दुर्बिणीच्या प्रतिमा साफ करून मोजण्याची प्रणाली.

इंटरनेटवरच्या पायऱ्या तंतोतंत केल्या, तरी ३२ बिट लायब्ररी सापडत नाही असं येतं. (सोलापूर)

त्या पायऱ्या जुन्या आहेत. डेबियन किंवा उबंटू लिनक्स असेल तर आयरॅफ त्यांच्या भांडारातच आहे, ॲप्ट कमांडने बसवा. आधीचं अर्धवट बसवलेलं मात्र काढून टाका.

सीएल (आयरॅफच्या कमांड देण्याची खिडकी) सुरू केलं की 'लॉगिन डॉट सीएल सापडली नाही' असा इशारा येतो.

एमकेआयरॅफ, म्हणजे लॉगिन डॉट सीएल तयार करणारी कमांड, चालवलेलं नाही, किंवा ज्या फोल्डरमध्ये चालवलं तिथून सीएल सुरू करत नाही आहात. टर्मिनलचा प्रकार विचारेल तेव्हा एक्सजीटर्म (आलेख दाखवू शकणारं टर्मिनल) लिहा आणि कामही एक्सजीटर्ममध्येच करा. साध्या टर्मिनलमध्ये आलेख काढायला गेलात तर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं सांडतात.

प्रत्येक कमांडला 'परवानगी नाही' येतं. मित्र म्हणाला, सगळं सुडो (म्हणजे रूटचे, मशीनच्या मुख्य खात्याचे अधिकार) लावून चालव.

मित्राचं ऐकलंत, म्हणूनच हे झालं. सुडो लावून एमकेआयरॅफ केलंत, तर युपार्म, म्हणजे तुमचे पॅरामीटर साठवणारं फोल्डर, रूटच्या मालकीचं होतं आणि मग तुमचं खातं त्यात काही लिहू शकत नाही. सुडो फक्त बसवताना लावायचं. फोल्डरची मालकी स्वतःकडे घ्या. मशीन विभागाचं असेल तर सिस्टम ॲडमिनला सांगा, स्वतः हात घालू नका.

डीएस९ (प्रतिमा दाखवणारा प्रोग्राम) मध्ये प्रतिमेचा मधलाच तुकडा दिसतो. कॅमेरा बिघडला आहे का?

नाही. डीएस९ आधी उघडा, डिस्प्ले कमांड नंतर द्या. लॉगिन डॉट सीएलमध्ये स्टडइमेजची ओळ असते, तिच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा आणि ८०० च्या जागी २०४८ करा. फाइल सेव्ह करून सीएलमधून बाहेर पडा, पुन्हा आत या. प्रतिमा याहून मोठी असेल तर त्याहून मोठा आकार द्या.

सीनियरने त्याची लॉगिन डॉट सीएल आणि अख्खं युपार्म पेनड्राइव्हवर दिलं. सगळं छान चालतंय. काही अडचण आहे का? (पुणे)

छान चालतंय हीच अडचण आहे! आयरॅफ तुमचे पॅरामीटर युपार्ममध्ये लक्षात ठेवतं. म्हणजे तुम्ही सीनियरच्या नंबरचा चष्मा घालून बसला आहात. त्याने ट्रिमसेकमध्ये (फ्रेम कुठे कापायची ते सांगणारा पॅरामीटर) त्याच्या सीसीडीच्या, म्हणजे कॅमेऱ्यातल्या डिटेक्टरच्या, कडा लिहिल्या असतील, तर तुमच्या फ्रेम भलत्याच ठिकाणी कापल्या जातील. पुण्याजवळच्या गिरवलीची दुर्बीण दोन मीटरची, लडाखमधल्या हॅनलेची हिमालयन चंद्र दुर्बीणही दोन मीटरची, म्हणून दोघींच्या डिटेक्टरचा गेन (एका काउंटमागे किती इलेक्ट्रॉन) एकच असतो असं कुठे आहे?

आकड्यात बघा. ताऱ्याचे १०,००० काउंट आले आणि गेन ४ आहे, म्हणजे खरे इलेक्ट्रॉन ४०,०००. वर्गमूळ २००, म्हणजे त्रुटी अर्धा टक्का. डेटापार्स या पॅरामीटरच्या यादीत ईपीएडीयू, म्हणजे गेन, १ राहिला, तर फॉट (ताऱ्याचा प्रकाश मोजणारी कमांड) तीच त्रुटी एक टक्का दाखवेल, तुमच्या तारा-बदलाच्या आलेखातले एरर बार दुप्पट होतील आणि खरा बदल त्यात बुडेल. बरं, १ हे मूळ डिफॉल्टच आहे आणि रीडनॉइजचं (सीसीडी वाचताना मिसळणारा गोंगाट) डिफॉल्ट शून्य! रीडनॉइज नसलेला सीसीडी अजून कोणी बनवलेला नाही. झेडमॅग, म्हणजे काउंटवरून ताऱ्याची प्रत (तेजस्विता) काढताना धरलेला शून्यबिंदू, २५ हेसुद्धा नुसतं डिफॉल्ट. ते तसंच ठेवून 'ताऱ्याची प्रत १४.२' असं छातीठोकपणे लिहिणारे प्रकल्प दरवर्षी समोर येतात. मार्गदर्शकही सही करतात, हे आणखी वाईट.

तेव्हा ते युपार्म टाकून द्या. एमकेआयरॅफ पुन्हा चालवा, युपार्म नव्याने भरू का असं विचारेल तेव्हा हो म्हणा. अनलर्न पॅरामीटर डिफॉल्टवर आणतं, पण नुसतं 'अनलर्न फॉट' केल्याने डेटापार्स साफ होत नाही, त्याला वेगळं अनलर्न लागतं. मग ईपार कमांडने एकेक पॅरामीटर उघडा. गेन आणि रीडनॉइज फिट्स हेडरमध्ये (प्रतिमेच्या फाइलच्या सुरुवातीची माहिती) बघा, तिथे नसतील तर वेधशाळेला विचारा. सीनियरला नको.

एका दुकानात आयरॅफ 'प्री-लोडेड' लॅपटॉप जादा पैशांत मिळतो. घ्यावा का?

आयरॅफ फुकट आहे. ते पैसे हार्ड डिस्कवर घाला.

कच्च्या फ्रेम्सच गेल्या. सीसीडीप्रॉकने (फ्रेम साफ करणारी कमांड) त्यांच्यावरच लिहिलं.

आउटपुटची जागा रिकामी ठेवली की तो मूळ फाइलच बदलतो. हे लिहिलेलं असतं, वाचत कोणी नाही. वेधशाळेच्या संग्रहातून पुन्हा मागवा. पुढच्या वेळी सीसीडीरेड पॅकेजच्या पॅरामीटरमध्ये बॅकअप लावा आणि मूळ फोल्डर केवळ-वाचनीय करा.

तोंडी परीक्षा आठ दिवसांवर आहे. आयरॅफ सोडून पायथनकडे जाऊ का?

आठ दिवसांवर? नाही. एरवी प्रश्न रास्त आहे : राष्ट्रीय वेधशाळेने २०१३ मध्ये विकास थांबवला, आता स्वयंसेवक ते सांभाळतात, ॲस्ट्रोपाय आणि फोटयुटिल्स ही पायथनची पॅकेजेस शिकून घेण्यासारखी आहेत. पण गेन आणि रीडनॉइज तिथेही तुम्हालाच भरावे लागतात. सध्या जे हाती आहे ते पूर्ण करा, एका ज्ञात ताऱ्यावर ताडून बघा आणि बदलाचं मार्गदर्शकांशी परीक्षेनंतर बोला.