माडांवरून जाणारा पॅरामोटर

प्रश्न : आमचे घर अलिबाग तालुक्यात, किनाऱ्यालगतच्या वाडीत आहे. हिवाळ्यात शनिवार-रविवारी सकाळी साडेसहापासून पर्यटकांना घेऊन पॅरामोटर (इंजिनाच्या जोरावर उडणारे पॅराशूटसारखे छत्र) माडांच्या शेंड्यांवरून जातात. सासूबाई दचकून उठतात, म्हैस पान्हा चोरते. हटकले तर चालक विचारतो, "आकाश तुमच्या मालकीचे आहे का?" काय करता येईल?

उत्तर : चालकाच्या उद्धट प्रश्नात कायद्याचे थोडे तथ्य आहे, हे आधी मान्य करावे लागेल. 1934 च्या विमान कायद्यातील कलम 17 नुसार, वारा, हवामान आणि परिस्थिती पाहता वाजवी ठरेल अशा उंचीवरून उड्डाण झाले एवढ्याच कारणावरून अतिक्रमणाचा किंवा उपद्रवाचा दिवाणी दावा लावता येत नाही. त्या कायद्याची जागा आता भारतीय वायुयान अधिनियम, 2024 ने घेतली असली, तरी हे तत्त्व टिकून आहे. मात्र झावळ्या हलतील इतक्या खालून घिरट्या घालणे वाजवी होते, हे पटवून देणे चालकाला जड जाईल. शिवाय वाळूवर उभे राहून टू-स्ट्रोक इंजिन तापवत ठेवणे हे उड्डाणच नव्हे. ती उड्डाणाची स्वाभाविक बाब असल्याचा बचाव समोरून घेतला जाईल, तरीही माझ्या मते आपली बाजू तिथेच सर्वांत भक्कम आहे.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 प्रमाणे निवासी क्षेत्रात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे आणि ती 10 डेसिबलने किंवा अधिक ओलांडली गेल्यास तक्रार करता येते. येथे एक मेख आहे : ही मर्यादा सरासरीची असल्याने पाच मिनिटांची घरघर दिवसभराच्या शांततेत विरून जाते. म्हणून प्रत्येक फेरीची वेळ वहीत नोंदवा, चित्रफिती मूळ मोबाइलमध्येच जपा (त्यांच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल) आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ऐन फेऱ्यांच्या वेळी मोजणीची लेखी मागणी करा. सकाळी सहापूर्वी एकदा जरी इंजिन सुरू झाले, तरी ती नोंद मोलाची ठरेल, कारण तोवर रात्रीची 45 डेसिबलची मर्यादा लागू असते.

दरम्यान, या व्यावसायिकाची साहसी पर्यटनासाठी नोंदणी आहे का, हे माहिती अधिकारात पर्यटन संचालनालयाला विचारा. शेजाऱ्यांनाही त्रास होत असेल, तर सर्वांच्या सह्यांनिशी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली (सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी) अर्ज करावा. दाव्यापेक्षा हा मार्ग लवकर फळतो. अर्जात "उड्डाणे बंद करा" असे न मागता, इंजिन घरांपासून दूर सुरू करावे आणि फेऱ्या समुद्राच्या बाजूने न्याव्यात, एवढेच मागावे.